तारुण्याचे वाण आणि ‘नैसर्गिक’ नावाची फसवणूक

यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ओळखीच्या एका सुशिक्षित, सुस्थित घरी जाण्याचा योग आला. दारात रांगोळी, ताटात तिळगूळ, करंड्यात हळदकुंकू, अत्तरदाणी, गुलाबदाणी, सारे अगदी यथासांग होते. वाण म्हणून आजवर आम्ही बायकांनी स्टीलच्या वाट्या घेतल्या, गाळण्या घेतल्या, एखाद्या चोखंदळ घरी पुस्तकही मिळाले. या वेळी हातावर आले ते एक चकचकीत पुडके. त्यावर ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘हळद व केशरयुक्त’, ‘वयाच्या खुणा मिटवणारे’ अशी ठसठशीत अक्षरे. यजमानीणबाई हल्ली या मालाची साखळी पद्धतीने विक्री करतात. माझ्या कपाळी कुंकू लावता लावता त्या मोठ्या आपुलकीने म्हणाल्या, “ताई, तुम्हाला याची खरंच गरज आहे हो. डोळ्यांखाली बघा किती सुरकुत्या आल्यात!”

पन्नाशी ओलांडलेल्या बाईच्या डोळ्यांखाली सुरकुत्या असणारच. तीस वर्षे रात्रपाळीत मुद्रिते तपासली, उन्हातान्हात बातम्यांसाठी हिंडले, त्याचा तो हिशेब आहे. त्याचे मला वैषम्य नाही. वैषम्य वाटले ते निराळ्याच गोष्टीचे. ताटात खरीखुरी हळद होती आणि तिच्या शेजारी हळदीच्या नावाने विकली जाणारी भीती होती. सवाष्णीला मान देण्याच्या प्रसंगी तिला तिच्या वयाची लाज वाटायला लावणारी वस्तू आम्ही ‘वाण’ म्हणून देऊ-घेऊ लागलो आहोत आणि त्यात कोणालाही काही वावगे वाटत नाही!

त्वचा निरोगी राहावी, वय वाढले तरी ती सतेज दिसावी, ही इच्छा अगदी स्वाभाविक आहे. तिची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु या साध्या इच्छेचे आज जे भांडवल केले जात आहे आणि त्यासाठी ‘नैसर्गिक’, ‘हर्बल’, ‘आयुर्वेदिक’ या शब्दांचा जो बाजार मांडला गेला आहे, त्याविषयी मात्र स्पष्ट बोलण्याची वेळ आली आहे.

जडीबुटीच्या डबीतून काय निघाले?

माझ्या नात्यातील एका मुलीची हकिकत सांगते. लग्न ठरले. मुलगी सावळी, नाकीडोळी नीटस, शिकलेली, कमावती. तरीही ‘चेहरा जरा उजळला तर बरे’ असे घरातल्याच कोणी तरी सुचवले. परिचयातील एका ब्यूटीपार्लरमधून नाव-गाव, घटक, तारीख यांपैकी काहीही न छापलेली एक डबी आली. ‘जडीबुटीचे आहे, अपाय शून्य’ असे तोंडी आश्वासन मिळाले. पंधरा दिवसांत चेहरा खरोखरच उजळला. सगळे घर हरखले. लग्नानंतर क्रीम थांबवले आणि आठवड्याभरात चेहऱ्याची आग सुरू झाली. पुटकुळ्या आल्या, कातडी लालबुंद झाली, चुलीजवळ उभे राहणेही असह्य होऊ लागले. त्वचारोगतज्ज्ञांनी एका दृष्टिक्षेपात निदान केले, की त्या ‘जडीबुटी’त स्टेरॉइड होते. पुढे दीड वर्ष उपचार चालले. आजही ती मुलगी दुपारच्या उन्हात बाहेर पडताना बिचकते.

हे एकट्यादुकट्याचे दुर्दैव असते तर मी ते येथे मांडले नसते. स्टेरॉइडयुक्त मलमांचा असा सर्रास गैरवापर होत असल्याचे देशातील त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने वर्षानुवर्षे कंठशोष करून सांगितले. अखेर 2018 साली केंद्र सरकारने अशा 14 स्टेरॉइड मलमांना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री न करण्याच्या ‘अनुसूची एच’मध्ये घातले. कायदा झाला, पण निनावी डबीला कसली आली अनुसूची?

पाऱ्याची कथा याहून भीषण आहे. पारा त्वचेतील रंगद्रव्य तयार होण्याची क्रिया रोखतो, म्हणून चेहरा उजळ दिसतो. पण तो त्वचेवाटे रक्तात जातो आणि मूत्रपिंडे पोखरतो. 2023 साली अकोल्यातील एकाच कुटुंबातील महिलांच्या मूत्रपिंडांना इजा झाल्याचे आणि त्यांच्या वापरातील गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा सापडल्याचे वृत्त महाराष्ट्राने वाचले. केरळातील कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी 2021 ते 2023 या काळातील मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराच्या 22 रुग्णांचा अभ्यास केला. त्यांपैकी 15 जणांत या विकाराचा एक विरळा प्रकार आढळला आणि त्या 15 पैकी 13 जणांनी गोरेपणाची क्रीमे वापरल्याचे सांगितले. आपल्याकडील 2020 च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार अशा क्रीममध्ये नकळत आलेला पाराही दहा लाखांत एका भागाहून अधिक असता कामा नये. नियम कागदावर आहेत, डब्या बाजारात आहेत आणि रुग्ण डायलिसिसच्या दारात आहेत.

छत्री मोडायची आणि पावसाची तक्रार करायची!

या साऱ्या व्यवहारातील सर्वांत मोठा विनोद अद्याप सांगायचाच आहे. एकाच दुकानात, एकाच फळीवर, पुष्कळदा एकाच ट्यूबमध्ये दोन गोष्टी विकल्या जातात : गोरेपणा आणि चिरतारुण्य. आता थोडा विचार करा. त्वचेला अकाली म्हातारपण आणणारा सर्वांत मोठा बाह्य घटक म्हणजे ऊन. सूर्यकिरणांतील अतिनील किरण त्वचेच्या आतल्या थरातील कोलॅजन नावाचे तंतू तोडतात. त्यामुळे त्वचा सैल पडते, सुरकुतते, तिच्यावर डाग येतात. अमेरिकेत 28 वर्षे ट्रक चालवलेल्या एका चालकाचे छायाचित्र 2012 साली तेथील एका प्रख्यात वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. खिडकीकडची त्याची डावी बाजू सुरकुत्यांनी भरलेली आणि उजवी बाजू बरीच नितळ होती. चेहरा एकाच माणसाचा, वय एकच. फरक होता तो केवळ काचेतून येणाऱ्या उन्हाचा.

या उन्हापासून निसर्गाने आपल्याला दिलेले संरक्षण कोणते? त्वचेतील मेलॅनिन, म्हणजे ज्याला आपण ‘काळेपणा’ म्हणून नाके मुरडतो तेच रंगद्रव्य! सावळ्या त्वचेवर सुरकुत्या गोऱ्या त्वचेच्या मानाने उशिरा येतात, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. म्हणजे बाजार आधी आपल्याला आपली जन्मजात छत्री मोडायला सांगतो आणि मग भिजल्याबद्दल औषध विकतो. दोन्ही वेळा पैसे आपलेच. याला व्यापार म्हणावे की लबाडी?

‘नैसर्गिक कोलॅजनयुक्त’ क्रीमची गोष्टही तशीच. कोलॅजनचा रेणू इतका मोठा असतो, की तो त्वचेच्या बाहेरच्या थरातून आत शिरूच शकत नाही. वरवर ओलावा धरून ठेवण्यापलीकडे त्याचा उपयोग नाही. कायद्याच्या भाषेतही या मंडळींची कोंडी होते. 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यानुसार सौंदर्यप्रसाधन म्हणजे स्वच्छता राखणारी, सौंदर्य वाढवणारी किंवा रूप बदलणारी वस्तू. शरीराच्या रचनेवर वा कार्यावर परिणाम करते ते औषध. क्रीम खरोखरच त्वचेची घडण बदलत असेल तर ते औषध ठरते आणि औषधासारखी त्याची तपासणी झाली पाहिजे. बदलत नसेल तर जाहिरात खोटी ठरते. तिसरा पर्याय नाही.

दोष केवळ परक्यांचा नाही

आपल्याकडे अशा वेळी बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या नावाने बोटे मोडण्याची पद्धत आहे. ती निराधार नाही. 1975 साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आले. 1991 च्या उदारीकरणानंतर प्रसाधनांचा बाजार फोफावला, 1994 साली एकाच वर्षी दोन भारतीय तरुणी जगत्सुंदऱ्या ठरल्या आणि मध्यमवर्गीय घरांतील आरशांची भाषाच बदलली. 2005 साली पुरुषांनाही गोरेपणाचे क्रीम देऊ करण्यात आले. मात्र ते देऊ करणारी कंपनी भारतीय होती, हे विसरता कामा नये. सावळ्या व्यक्तीला दुःखी वा अपयशी दाखवू नये, असे सांगण्याची पाळी जाहिरात क्षेत्राच्या स्वनियामक संस्थेवर 2014 साली आली. 2020 साली जगभर वर्णभेदाविरुद्ध वादळ उठले तेव्हा ‘फेअर’ हा शब्द काढून ‘ग्लो’ आणला गेला. नाव बदलले. आरशासमोर उभ्या राहणाऱ्या मुलीच्या मनातील न्यूनगंड बदलला का?

तो बदलणार कसा? कारण त्याची पेरणी कंपनीने केली नव्हती. कंपनीने फक्त पीक कापले. आपल्या वधूवर सूचक मंडळांच्या वह्या काढून पाहा. ‘गोरी, सुस्वरूप, गृहकृत्यदक्ष’ ही शब्दावली कोणत्या परदेशी कंपनीने आपल्याला शिकवली? विटेवरच्या सावळ्या विठ्ठलासमोर माथा टेकणारा, श्यामवर्ण रामाची आरती करणारा आणि जिचे नावच ‘कृष्णा’ आहे त्या द्रौपदीच्या तेजाचे गुणगान करणारा समाज सून पाहायला गेला की गोरेपणाची मोजपट्टी घेऊन बसतो. या दांभिकतेची किंमत आपल्याच मुली आपल्या त्वचेने आणि मूत्रपिंडांनी मोजत आहेत.

स्वदेशीचा शिक्का म्हणजे सूट नव्हे

आता थोडे अप्रिय बोलते. देशी कंपनी, आयुर्वेदाचे नाव, वेष्टनावर तुळशीचे वा हळदीचे चित्र एवढ्याने आपल्यापैकी अनेकांचा विश्वास बसतो. पण फसवणूक देशी नळीतून आली तर ती गोड होते काय?

हळदीच्याच लढाईची आठवण करून देते. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे पेटंट देण्यात आले. आपल्या आजीबाईच्या बटव्यातील ज्ञानावर दुसऱ्याची मालकी! तेव्हा गोमंतकाचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झाले. ही लढाई भावनेच्या बळावर जिंकली गेली नाही. जुने ग्रंथ, छापील लेख असे पुरावे समोर ठेवले गेले म्हणून ती जिंकता आली. परक्यांसमोर पुरावा घेऊन उभे राहणाऱ्या आपण आपल्या घरच्या विक्रेत्याकडे पुरावा मागू नये काय? हळदीचे नाव लावून कोणी खोटा दावा करत असेल, तर तो त्याच हळदीचा अपमान करतो.

वेष्टन उलटे करून वाचण्याची सवय लावून घ्या. सौंदर्यप्रसाधनांवर एक टक्क्याहून अधिक प्रमाणात असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात आणि त्याहून कमी असलेले शेवटी. पुढच्या बाजूला केशराचे मोठे चित्र आणि मागे केशराचे नाव सुगंधद्रव्य व परिरक्षकांच्याही खाली असेल, तर तुम्ही काय विकत घेतले आहे ते तुमचे तुम्हीच ओळखाल.

आणि ‘नैसर्गिक म्हणजे निर्धोक’ हा समजही सोडून दिला पाहिजे. पारा निसर्गातूनच येतो. बिब्बा निसर्गातलाच आहे, तो कातडीला लागला तर काय होते ते खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. लिंबाचा रस चेहऱ्याला चोळून उन्हात गेल्यास फोड येतात आणि काळे डाग पडतात. काही उटण्यांत बावची घालतात. पांढऱ्या डागांवर वैद्य तिचा उपयोग करतात तो ती त्वचेला उन्हाबाबत अतिसंवेदनशील बनवते म्हणूनच. तिचे उटणे लावून कोणी उन्हात बसू नये. औषधी वनस्पतीत शक्ती असते असे आपण अभिमानाने म्हणतो. शक्ती आहे म्हणजे अपाय करण्याचीही क्षमता आहे, हे त्याच दमात मान्य केले पाहिजे.

आपल्या शास्त्राने काय सांगितले?

आयुर्वेदाच्या नावावर गोरेपणा विकणाऱ्यांनी आयुर्वेद उघडून तरी पाहावा. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात ‘वर्ण्य’ म्हणून दहा द्रव्यांचा गण सांगितला आहे. त्यात चंदन, वाळा, ज्येष्ठमध, मंजिष्ठा, अनंतमूळ आहेत. हेतू आहे तो वर्णाची कांती राखण्याचा. काळ्याचा गोरा करण्याचा कारखाना तेथे नाही. तेथेच ‘वयःस्थापन’ गणही आहे. गुळवेल, हिरडा, आवळा, मंडूकपर्णी, पुनर्नवा ही त्यातील परिचित नावे. ही द्रव्ये वैद्याच्या सल्ल्याने, पथ्यासह घ्यायची आहेत.

वाग्भटाने अष्टांगहृदयातील दिनचर्येच्या अध्यायात नित्य अभ्यंग सांगितला. तो जरा दूर ठेवतो, श्रम हरतो, झोप चांगली देतो आणि त्वचा चांगली राखतो, असे त्याचे गुण वर्णिले. त्यापुढे उद्वर्तन, म्हणजेच आपले उटणे, सांगितले. आणि गंमत म्हणजे याच अध्यायात बाहेर पडताना छत्री व पादत्राणे वापरावीत असेही सांगून ठेवले आहे. छत्री! अतिनील किरण हा शब्द जन्माला येण्यापूर्वी शेकडो वर्षे!

चरकाने तर ‘आचाररसायन’ नावाची एक विलक्षण कल्पना मांडली. जो सत्य बोलतो, रागावर ताबा ठेवतो, मद्यापासून दूर राहतो, झोप आणि जागरण यांचा तोल सांभाळतो, दूधतूप नित्य सेवन करतो, त्याला औषधावाचूनही रसायनाचे फळ मिळते, असा तिचा आशय. ही गोष्ट कोणत्याही ट्यूबमध्ये भरता येत नाही. म्हणूनच तिची जाहिरात होत नाही.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट, ऊन टाळा. सकाळी दहा ते दुपारी चारचे ऊन सर्वांत त्रासदायक. छत्री, टोपी, पदर, पूर्ण बाह्यांचे सुती कपडे यांहून स्वस्त उपाय नाही. दुचाकीवर तोंडाला ओढणी बांधणाऱ्या पुण्याच्या मुलींची चेष्टा झाली, पण त्या ओढणीने जे राखले ते महागड्या क्रीमला साधत नाही. ज्यांना दिवसभर बाहेर राहावे लागते त्यांनी सनस्क्रीन अवश्य लावावे. ते परंपरेत नाही म्हणून नाकारणे हा हटवाद होईल. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये 903 प्रौढांवर साडेचार वर्षे झालेल्या एका अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांच्या त्वचेचे वार्धक्य इतरांपेक्षा 24 टक्के कमी आढळले. हे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. जे सिद्ध झाले ते घ्यावे, कुठून आले हा प्रश्न नंतरचा.

दुसरी गोष्ट, तेल आणि साबण यांचे प्रमाण उलटे करा. साध्या साबणाचा सामू नऊ-दहाच्या घरात असतो, त्वचेचा पाचच्या आसपास. उतारवयात त्वचेची स्निग्धता मुळातच घटते. अशा वेळी कढत पाणी आणि दोनदोनदा साबण म्हणजे कोरडेपणाला व खाजेला निमंत्रण. कोमट पाणी घ्यावे, साबण काखा-जांघा-पाय यांपुरता ठेवावा आणि अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचे तेल हलक्या हाताने लावावे. ते त्वचेतील ओलावा धरून ठेवते. चेहऱ्यावर मुरमे असतील तर मात्र तेथे तेल टाळावे. उटणे दिवाळीपुरते न ठेवता अधूनमधून लावावे, पण खरखरीत पूड चेहऱ्यावर घासू नये. कोणतीही नवी वस्तू आधी दोन-तीन दिवस हाताच्या आतल्या बाजूस लावून पाहावी.

तिसरी गोष्ट, विडी-सिगारेट बंद. धूम्रपानाने त्वचेचा रक्तपुरवठा घटतो आणि सुरकुत्या लवकर येतात. चौथी, ताटात पालेभाजी, डाळी, ऋतूतील फळे, आवळा आणि वेळेवर झोप. पाचवी, एखादा तीळ वाढला, रंग बदलला, जखम महिनाभर भरली नाही तर पार्लरची वाट न धरता डॉक्टरांकडे जावे.

यांतील एकही गोष्ट नवी नाही, हे मला ठाऊक आहे. वाचकांपैकी अनेकांच्या आजीने ती पाळली होती. सुरकुत्या तिच्याही चेहऱ्यावर होत्या. पण त्या चेहऱ्याकडे पाहून आपल्याला ती म्हातारी वाटत नसे, आजी वाटत असे. वय लपवण्याची गरज तिला भासली नाही, कारण घरात वयाला मान होता. आज क्रीमची मागणी वाढली आहे ती त्वचा बिघडल्यामुळे कमी आणि तो मान घटल्यामुळे अधिक.

म्हणून आवाहन कंपन्यांना नाही, तुम्हा-आम्हाला आहे. घरातील उपवर मुलामुलींच्या माहितीपत्रकातून ‘गोरी’ हा शब्द आजच खोडा. निनावी डबी घरात आली तर ती कचऱ्यात टाका आणि ज्याने दिली त्याला जाब विचारा. खोट्या जाहिरातीची तक्रार करा, मग ती विदेशी असो वा स्वदेशी. आणि पुढच्या संक्रांतीला वाण म्हणून काय द्यावे असा प्रश्न पडला, तर एक छत्री द्या. वाग्भटालाही ती पसंत पडेल.

माझे ते पुडके मी दुसऱ्या दिवशी यजमानीणबाईंना परत केले. सोबत घरच्या तिळाच्या तेलाची एक बाटली दिली. त्या क्षणभर गोंधळल्या, मग म्हणाल्या, “ताई, रागावलात का?” मी म्हटले, “रागावले नाही. पण माझ्या सुरकुत्यांची काळजी तुम्ही करू नका. तुमच्या मुलीच्या हातात हे देऊ नका, एवढेच ऐका.” त्यांची मुलगी यंदा दहावीला आहे. ती दारातच उभी राहून आमचे बोलणे ऐकत होती.